जयपूरच्या उन्हात ओंजळभर पाणी

"मे महिन्यात जयपूरला? पाळकसाहेब, तिकडे माणसं थंडीत जातात!" निरोप समारंभाच्या दिवशी आमच्या मंडळीतल्या एका आजींनी मला चारचौघांत सुनावलं.

त्यांचं खरंच होतं. जयपूर बघायचं तर ऑक्टोबर ते मार्च. पण आमची लेक तिथे बँकेत नोकरीला. जावई कामासाठी महिनाभर बाहेर. नऊ वर्षांच्या नातवाला शाळेची सुट्टी. आणि मी एप्रिलमध्येच निवृत्त झालेलो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (आम्हा जुन्या माणसांसाठी ते नगरच) लहान-मोठ्या मंडळ्यांमध्ये छत्तीस वर्षं पाळक म्हणून काम केलं. त्या छत्तीस वर्षांत एकही उन्हाळा माझा स्वतःचा नव्हता. मे महिना म्हणजे लग्नं, मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, टँकरच्या रांगेवरून झालेली भांडणं मिटवणं आणि रविवारी पावसासाठी प्रार्थना.

यंदा कॅलेंडर कोरं होतं. खरं सांगायचं तर त्या कोऱ्या कॅलेंडरची मला थोडी भीती वाटत होती. म्हणून ही म्हणाली, "चला, लेकीकडे जाऊ," तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. पुण्याहून रेल्वेने निघालो आणि दुसऱ्या दिवशी जयपूरच्या स्टेशनवर उतरलो, तर समोरून भट्टीचं दार उघडावं तशी हवा आली.

"पप्पा, ही लू," लेक हसत म्हणाली. "अजून नौतपा सुरू व्हायचाय."

भिंतीआडचा उन्हाळा

नौतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मेपासूनचे. आपल्याकडे रोहिणी म्हटलं की शेतकरी आभाळाकडे बघतो. इथली माणसं दार लावून घेतात. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला तरी कोणाला त्याचं नवल नाही.

लेकीचं घर बनी पार्क भागात, दुसऱ्या मजल्यावर. शेजारच्या भाभीसांनी आमच्या हिला पहिल्याच दिवशी उन्हाळ्याचा पाठ दिला. पहाटे खिडक्या उघडायच्या, आठला बंद करायच्या. बाहेर पडायचं ते दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. खिशात कांदा ठेवायचा. आणि सकाळी राबडी प्यायची. आपली दुधाची रबडी नव्हे हं! बाजरीचं पीठ ताकात शिजवून गार केलेली ही राबडी म्हणजे आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. हिने त्याच दिवशी बदल्यात पन्ह्याची पाटी पोचवली आणि दोन स्वयंपाकघरांची मैत्री जमली.

नातवाने मला दुसरं काम दिलं. इथे उन्हाळ्यात झाडाला मातीची पसरट भांडी टांगून पक्ष्यांसाठी पाणी ठेवतात. त्याला परिंडा म्हणतात. आम्ही आजा-नातवाने गच्चीवर दोन आणि खालच्या कडुनिंबाला एक परिंडा बांधला. रोज सकाळी ते भरायचे, ही माझी निवृत्तीनंतरची पहिली नोकरी.

सगळं छान होतं. एक गोष्ट सोडून.

मी लेकीला पैसे द्यायचो. भाजी आणली की त्याचे पैसे डब्याखाली. दुधाचे पैसे नातवाच्या हातात. वीजबिल आलं तेव्हा मी पाकीट काढलं. शिवाय माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. "इथेच ऑपरेशन करून घेऊ, मी बघते सगळं," असं ती दोन वर्षं म्हणत होती आणि मी दोन वर्षं "बघू, बघू" करत होतो. एक दिवस तिने डब्याखालच्या नोटा माझ्यासमोर ठेवल्या.

"पप्पा, लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं जुनी माणसं म्हणायची. तुम्ही तर उपदेशात त्याची थट्टा करायचात. मग माझ्या घरचं पाणी तुम्ही मोजून का पिता?"

मी हसण्यावारी नेलं. तिच्या आईने मात्र माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सावली मोजणारा राजा

पुढच्या शनिवारी आम्ही नातवाला घेऊन जंतरमंतर बघायला निघालो. सकाळी आठला निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत दहा वाजले. लहान मूल आणि पोहे यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

जयपूर शहर वसलं ते १८ नोव्हेंबर १७२७ रोजी. सवाई जयसिंह या राजाने डोंगरातली आमेरची राजधानी सोडून सपाट जागेवर आखीव शहर उभारलं. सरळ रुंद रस्ते, चौकोनी पेठा, बाजाराच्या दुतर्फा छत असलेले ओटे. उन्हात त्या ओट्यांखालून चालताना शहर आखणाऱ्याला मनोमन धन्यवाद द्यावेसे वाटतात. तो आखणारा होता विद्याधर भट्टाचार्य, मूळचा बंगालचा.

जंतरमंतर ही त्याच राजाची वेधशाळा. २०१० पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. इथलं सम्राट यंत्र म्हणजे जवळजवळ २७ मीटर उंच दगडी सूर्यघड्याळ. वर जाणारा तिरपा जिना पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतका सत्तावीस अंशांत कललेला. दोन्ही बाजूंना कमानदार पट्ट्या. जिन्याची सावली त्या पट्टीवर सरकते, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. नातू पट्टीला नाक लावून बसला आणि ओरडला, "आजोबा, चालतेय! सावली चालतेय!"

मग त्याने माझं घड्याळ पाहिलं आणि तक्रार केली, "पण ही मागे आहे." बरोबर. आपलं घड्याळ साऱ्या देशाची एकच वेळ दाखवतं, सावली फक्त जयपूरची. या दिवसांत दोन्हींत सुमारे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

मला त्या यंत्रांपेक्षा ते बांधणाऱ्याच्या स्वभावाचं अप्रूप वाटलं. हा राजा मागायला लाजला नाही. त्याचे गुरू रत्नाकर पौंडरीक हे मूळचे महाराष्ट्रीय. ब्रह्मपुरीत पौंडरीकांची भिंतीभर चित्रं असलेली हवेली आजही आहे. पंडित जगन्नाथांकडून त्याने युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणवली. मुसलमान ज्योतिषांचे ग्रंथ अभ्यासले. तेवढ्याने भागेना, म्हणून मानुएल द फिगेरेदो या येसू संघाच्या धर्मगुरूबरोबर माणसं थेट पोर्तुगालला पाठवली. १७३४ मध्ये फादर बुदिए बंगालमधल्या चंदननगरहून पायपीट करत इथे आले. १७४० मध्ये श्ट्रोबल आणि गाबेल्सपेर्गर हे दोन जर्मन धर्मगुरू आले. त्यांतले गाबेल्सपेर्गर पुढच्याच वर्षी जयपूरमध्ये वारले.

बाहेरून आलेलं ज्ञान राजाने डोळे झाकून घेतलं नाही. युरोपातली कोष्टकं आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि त्यांतल्या चुका दाखवल्या. पण आधी मागितलं. तपासायचं ते नंतर.

हे सगळं मी नातवाला समजावत होतो, तेवढ्यात ही माझा दंड धरून म्हणाली, "अहो, मला गरगरतंय."

"हमारा पानी नहीं चलता?"

दुपारचे बारा वाजत आले होते. तिला सावलीत बसवलं. बाटलीतलं पाणी संपत आलं होतं, ते पाजलं. ई-रिक्षा केली आणि घराकडे निघालो. चांदपोल दरवाजा ओलांडून थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "जरा थांबवा."

रस्त्याकडेला कडुनिंबाखाली एक प्याऊ होती. प्याऊ म्हणजे आपली पाणपोई. ओळीने मांडलेले सात-आठ माठ, त्यांच्याभोवती ओलं तागाचं पोतं, वर गवताचं छप्पर. आत एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. डोक्याला पांढरा पंचा. हातात लांब, वाकड्या नळीचं तांब्याचं भांडं. त्या भांड्याला इकडे रामझारा म्हणतात. येणारा वाकून ओंजळ धरतो, आणि बसलेला माणूस त्या नळीतून ओंजळीत धार सोडतो.

ही सरळ जाऊन वाकली, ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायली. नातूही प्यायला. गृहस्थांनी रामझारा माझ्याकडे वळवला.

मी हात आखडता घेतला. समोरच्या दुकानात सीलबंद बाटल्या दिसत होत्या. वय झालंय, पोट नाजूक, डॉक्टरांनी सांगितलंय, अशी सगळी कारणं माझ्याजवळ तयार होती. "नको नको, मी बाटली घेतो," असं मी माझ्या मोडक्या हिंदीत म्हणालो.

ते रागावले नाहीत. रामझारा खाली ठेवत त्यांनी अगदी सहज विचारलं, "क्यों साहब, हमारा पानी नहीं चलता?"

मी बाटली घेतली. रिक्षात बसलो. पण ती बाटली घरी येईपर्यंत मी उघडली नाही.

आजोबांची ओंजळ

त्या रात्री गच्चीवर आडवा झालो, पण झोप येईना.

"पाणी चालत नाही." हे तीन शब्द आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात गावकुसाबाहेर वाढले. विहिरीला हात लावायचा नाही. काठापासून दूर उभं राहायचं. कोणाला दया आली तर तो वरून, लांबून ओंजळीत पाणी घालणार. आणि आजोबांच्या हातचं पाणी? ते तर कोणालाच चालत नव्हतं. पुढे ते ख्रिस्ती झाले, शाळेत शिकले, शिकवू लागले. पण ओंजळ धरून उभं राहिलेलं ते पोर त्यांच्या आत शेवटपर्यंत होतं. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते सांगताना आजोबांचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे.

त्यांचा नातू मी. आणि मला आज एका म्हाताऱ्या माणसाचं पाणी चाललं नव्हतं. कारण वेगळं होतं, मान्य. पण त्याच्या कानावर जे पडलं ते तेच.

दर उन्हाळ्यात मी एक उपदेश ठरलेला करायचो, शोमरोनी स्त्रीचा. भर दुपार, विहीर, चालून थकलेला येशू. पाणी भरायला आलेली बाई अशा समाजातली की तिच्या लोकांच्या भांड्यातलं पाणी यहुदी पीत नसत. तो तिच्याकडे पाणी मागतो. बाई चकित होते: तू माझ्याकडे कसं मागतोस? छत्तीस वर्षं मी या गोष्टीवर बोललो, आणि बहुतेक वेळा येशूने तिला काय दिलं यावरच बोललो. त्याआधी त्याने तिच्याकडे हात पसरला, ही गोष्ट मी दोन वाक्यांत उरकत असे.

मग आठवल्या लक्ष्मीबाई टिळक. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नव्हत्या. काही वर्षांनी नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी आपलं सोवळं, आपली चूल, आपलं पाणी त्यांनी वेगळंच ठेवलं. नगर-राहुरीचा तो काळ 'स्मृतिचित्रे'मध्ये वाचताना हसू येतं आणि गळाही दाटतो. कोणी त्यांना बळजबरी केली नाही. त्यांनी स्वतःच विचार केला की माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसांनी? आणि एकदा उत्तर सापडल्यावर त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. आधी पाणी चाललं, मग बाकीचं.

मला तेव्हा कळलं की दुसऱ्याला पाणी देणं तसं सोपं असतं. देणारा उंचावर बसलेला असतो. घेणाऱ्याला वाकावं लागतं. आणि छत्तीस वर्षं देणाऱ्याच्या जागेवर बसून माझी कंबर ताठ झाली होती.

वाकून प्यायलेलं पाणी

सकाळी सातला परिंडे भरले आणि चालत प्याऊवर गेलो. गृहस्थ माठ धुऊन भरत होते. मला ओळखलं की नाही कोण जाणे.

"बाबूजी, पाणी मिळेल?" मी विचारलं. मराठीतच तोंडातून गेलं.

त्यांना कळलं. रामझारा उचलला. मी चष्मा खिशात ठेवला, वाकलो, ओंजळ धरली. पाण्याला मातीचा वास होता आणि किंचित वाळ्याचा. माठात वाळ्याची जुडी टाकलेली होती, माझी आई टाकायची तशी. मी पोटभर प्यायलो. पोटाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मग त्यांनी मला शेजारी बसवलं. रेल्वेतून निवृत्त झालेले. दहा वर्षांपासून अक्षयतृतीयेपासून पाऊस पडेपर्यंत रोज इथे बसतात. मी नाव सांगितलं, काय काम करायचो ते सांगितलं. "अच्छा, पादरी साहब," एवढंच म्हणाले. जात त्यांनी विचारली नाही आणि मीही त्यांची विचारली नाही. रामझाऱ्याची नळी इतकी लांब का, हे मात्र मी विचारलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. "भांडं उष्टं होत नाही, पाणी वाया जात नाही," म्हणाले. मग हळूच पुस्ती जोडली, "आणि जुन्या काळी लोकांना लांबूनच पाजायचं असे. आता नळी तीच आहे, लांबी मात्र कमी झाली." सकाळी मी पाहिलं होतं, धार सोडताना त्यांचा हात माझ्या ओंजळीला टेकला होता.

चांदीच्या घागरी

पुढच्या आठवड्यात सिटी पॅलेस पाहिला. तिथल्या दिवाण-ए-खासमध्ये चांदीच्या दोन प्रचंड घागरी आहेत. पाच फुटांहून उंच. प्रत्येकीचं वजन ३४५ किलो, पोटात सुमारे चार हजार लिटर पाणी मावतं. चांदीच्या सर्वांत मोठ्या वस्तू म्हणून त्यांची जागतिक विक्रमांत नोंद आहे. नातवाने त्यांच्यात किती बादल्या मावतील याचा हिशेब सुरू केला.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराजा माधोसिंह दुसरे लंडनला गेले. समुद्र ओलांडायचा आणि परमुलखातलं पाणी प्यायचं, हे त्यांच्या धर्मनिष्ठ मनाला पटेना. म्हणून ऑलिंपिया नावाची बोट ठरवली आणि या घागरींतून गंगाजल सोबत नेलं.

आधी मला हसू आलं. मग वाटलं, हसू नये. त्या माणसाने आपली श्रद्धा जपण्यासाठी केवढा खटाटोप केला! पण मनात हेही आलं की जंतरमंतर आणि या घागरी एकाच राजघराण्याच्या, चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर. एका राजाने दूरदेशीच्या माणसांकडे हात पसरला. दुसऱ्याने दूरदेशी जाताना आपलं पाणीही बरोबर नेलं. आपल्या प्रत्येकाच्या आत हे दोन्ही राजे नांदतात. माझ्या हातातली सीलबंद बाटली म्हणजे माझी चांदीची घागरच होती.

रविवारी चांदपोल भागातल्या एका जुन्या चर्चमध्ये हिंदी उपासनेला गेलो. पंखे गरगरत होते, माणसं वहीने वारा घेत होती, अगदी आमच्या गावच्यासारखं. या शहरात स्कॉटिश मिशनने १८६० च्या दशकात काम सुरू केलं. डॉ. कॉलिन व्हॅलेंटाइन या मिशनरी डॉक्टरांना महाराजा रामसिंह दुसरे यांनी आपले वैद्य म्हणून ठेवून घेतलं. पुन्हा तेच. औषध हवं होतं, राजाने मागून घेतलं.

आणि आजचं जयपूर? तेही मागून आणलेल्या पाण्यावरच जगतं. पूर्वी शहराला रामगढ बंधाऱ्यातून पाणी मिळायचं. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती तिथे झाल्या होत्या. पुढे तो तलाव आटला. आता बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचं पाणी सुमारे १२० किलोमीटरवरून, टोंक जिल्ह्यातून येतं. लेकीच्या घरचा नळ उघडला की दुसऱ्याच्या नदीचं पाणी. नगरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

निर्जळा एकादशी

जूनच्या पहिल्या आठवड्यात निर्जळा एकादशी आली. ज्येष्ठातली ही एकादशी पाण्याचा थेंबही न घेता करतात. आणि गंमत बघा, त्याच दिवशी जयपूरभर माणसं दुसऱ्यांना पाणी पाजत असतात. चौकाचौकात मांडव, गुलाबाचं सरबत, ठंडाई. पोरं बस थांबवून खिडकीतून पेले देतात. माठ, पंखे, खरबुजं दान करतात.

बाबूजींचाही उपास. दुपारी दोनला मी गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, ओठ सुकलेले, तरी हात चालू. समोर रांग.

"मी बसू का तासभर?" मी विचारलं.

त्यांनी रामझारा माझ्या हातात दिला.

तासभर म्हणून बसलो, पाचपर्यंत उठलो नाही. हमाल आले, शाळकरी पोरं आली, घुंगट घेतलेल्या बाया आल्या, दाढीवाले चाचा आले. प्रत्येकाची ओंजळ वेगळी. कोणाची चिरा पडलेली, कोणाची मेंदीची. सुरुवातीला माझी धार ओंजळीबाहेर जायची. मग जमलं. एका म्हातारीने पाणी पिऊन ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि काहीतरी आशीर्वाद दिला. शब्द मला कळले नाहीत. छत्तीस वर्षं उपासनेच्या शेवटी हात वर करून मी आशीर्वाद देत आलो. माझ्या डोक्यावर असा हात किती वर्षांनी आला होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला घेऊन गेलो. "बाबूजी, पारणं झालं?"

"झालं. घरी तुळशीचं पाणी घेतलं. पण तहान काही गेली नाही." ते उठले, माझ्यासमोर येऊन वाकले आणि ओंजळ धरली. "आज आप पिलाओ."

मी रामझारा उचलला. डोळ्यात मोतीबिंदू आहेच, त्यात पाणी आलं. धार कुठे पडतेय ते नीट दिसेना. नातवाने माझा हात धरून नळी सरळ केली. आजोबा, तुमच्या नातवाच्या हातचं पाणी चाललं, एवढंच मनात म्हणालो.

उन्हाळ्यात जाणारच असाल तर

कोणाला मुलांच्या सुट्टीमुळे मे-जूनमध्येच जयपूरला जावं लागलं, तर आमच्या चुकांवरून चार गोष्टी शिका.

जंतरमंतर आणि हवामहल सकाळी उघडता उघडता गाठा. हवामहल १७९९ मधला. ९५३ लहान खिडक्यांमधून येणारा वारा उन्हाळ्यातच खरा कळतो. दुपार घरी किंवा हॉटेलात काढा. नाहरगडावर संध्याकाळी जा, खाली दिवे लागलेलं शहर दिसतं. बऱ्याच सरकारी स्मारकांसाठी दोन दिवस चालणारं एकत्रित तिकीट मिळतं. सिटी पॅलेसचं तिकीट वेगळं काढावं लागतं. डोक्याला सुती पंचा हवाच. प्याज कचोरी सकाळी खा, दुपारी नको. राबडी मिळाली तर सोडू नका. चक्कर आली, मळमळलं, तर "थोडं राहिलंय, बघून घेऊ" असं म्हणू नका. सावलीत बसा, पाणी प्या, आणि बरं वाटत नसेल तर डॉक्टरांकडे जा. पोट नाजूक असेल तर आपली बाटली जरूर न्या, त्यात गैर काही नाही. पण कोणी पाणी पुढे केलं तर नकार देताना त्या माणसाकडे बघून, हात जोडून द्या.

आणि गच्ची असेल तर एक परिंडा बांधा.

न मोजलेलं

निघायच्या दोन दिवस आधी लेक ऑफिसातून आली. मी तिच्या हातचा चहा घेतला आणि म्हणालो, "ते डोळ्याचं काय म्हणत होतीस? पाऊस सुरू झाला की येतो. तू म्हणशील त्या डॉक्टरांकडे जाऊ. तूच बघ सगळं."

ती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. टोंकचं पाणी वाया जातंय, असं म्हणावंसं वाटलं, पण गप्प बसलो.

स्टेशनवर निरोप द्यायला तिघं आली होती. लेक, नातू आणि कामावरून परतलेला जावई. गाडी सुटायच्या आधी लेकीने घरून भरून आणलेली पाण्याची मोठी बाटली खिडकीतून आत दिली. सवयीने माझा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

सवाई माधोपूर येईपर्यंत अर्धी बाटली मी एकट्याने संपवली. मोजली नाही.